कोबीच्या डोक्याचा माणूस

१२ जानेवारी

भिंगरी,

पाकीट पोचलं. पोस्टमनने ‘दुमडू नये’ ही सूचना नीट वाचली आणि मग ते दुमडून दाराच्या फटीतून आत सरकवलं. तू आत जाड पुठ्ठा घातला होतास म्हणून चित्रं वाचली, नाहीतर तुझ्या कलेत एका घडीची भर पडली असती.

फोन नको, पत्रं लिही, ही तुझी अट मला मान्य आहे. ‘फोनवर तू सभा घेतोस, पत्रात निदान मला पान उलटता येतं,’ हे तुझं वाक्य मी मनावर घेतलेलं नाही. मनावर घेतलं नसतंस तर इथे पुन्हा लिहिलं नसतंस, असं तू म्हणशील. म्हण.

आता तुझा प्रश्न. तुला कामासाठी बोलावून घेणाऱ्या तिथल्या लोकांनी आणखी दोन वर्षं राहा म्हणून सांगितलंय. मोज्यांच्या जुन्या कारखान्यातला तो उंच हॉल, लाकूड, रंग, दिवे, मदतीला सुतार, सगळं त्यांचं. चित्रं तेवढी तुझी. फेब्रुवारी संपायच्या आत त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. आणि तू मला विचारतेस, ‘राहू की येऊ? एका शब्दात सांग.’

एका शब्दात! अगं, मी लग्नाला होकारसुद्धा एका शब्दात दिला नव्हता. तुझे वडील मधे उठून चहा सांगून आले होते.

तर ऐक. माणूस, मग तो बाप्या असो की बाई, कुणाच्या परवानगीवर जगत नाही. हाताला मिळालेलं काम करायचा हक्क कुठल्याही नवऱ्याच्या सहीने मिळत नाही आणि कुठल्याही नवऱ्याच्या रुसण्याने जात नाही. हे मी कामगारांच्या सभेत बोललोय, शिक्षिकांच्या मेळाव्यात बोललोय, आणि बाहेर एक नि घरात एक बोलणाऱ्यांतला मी नाही. तेव्हा तू स्वतंत्र आहेस. निर्णय तुझा. माझं काही म्हणणं नाही.

तुझी चित्रं, म्हणजे फोटोच ते, पाहिली. कागद फार सुंदर आहे. कडा अगदी सरळ कापल्यात. काळा रंग खरोखर काळा उतरलाय, हे हल्ली दुर्मीळ.

विषयाबद्दल काय बोलू? एक माणूस आहे, त्याला डोक्याच्या जागी कोबी आहे, आणि तो टबातल्या पाण्याला इस्त्री करतोय. दुसऱ्या चित्रात त्याच माणसाच्या मानेवर किटली आहे आणि तो वाकून स्वतःच्याच डोक्यातून कपात चहा ओततोय. तिसऱ्यात पुन्हा कोबी. स्टुलावर चढून, बोट उगारून तो भाषण करतोय, आणि समोर खुर्च्यांवर माणसांऐवजी बूट बसलेत. नुसते बूट. हातांत सगळीकडे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे.

ज्या दिवशी हे पाकीट आलं त्या दिवशी मी नदीकाठची घरं पाडली जात होती तिथून आलो होतो. एक म्हातारा उशी छातीशी धरून उभा होता. मागे भिंत नव्हती, नुसती खिडकीची चौकट. मी काढलेला तो फोटो दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पाचव्या पानावर आला, गादीच्या जाहिरातीखाली. असो. ज्याचं त्याचं काम.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा,
सभापती

ता. क. त्या माणसाच्या अंगात जो करडा कोट आहे तो माझा आहे. खिशाची शिवण मी ओळखतो, तूच घातली आहेस, उलटी. तिकडे थंडी असते म्हणून तू तो नेलास. कोट माझा. आत कोण आहे?


२७ जानेवारी

बाईसाहेब,

माझं पत्र मलाच परत पाठवायची ही कुठली पद्धत? समासात लाल पेन्सिलीने दोनदा ‘टाळ्या’, लग्नाच्या वाक्यापाशी ‘हशा’, आणि ‘माझं काही म्हणणं नाही’ याच्यापुढे ‘श्रोते उठून जातात’. आणि शेवटी माझ्या साध्या सरळ प्रश्नाखाली एवढंच: ‘आत कोण? ओळख. फोटो वाचता येतो ना तुला?’

येतो. फोटो वाचणं हा माझा धंदा आहे. संपादक मला बोलावून विचारतो, हा मोर्चा खरंच एवढा मोठा होता की अरुंद गल्लीत धरून काढलाय? मी सावल्या बघतो आणि सांगतो. कॅमेरा हा साक्षीदार आहे, जादूगार नाही. साक्षीदाराला नीट प्रश्न विचारले की तो पोपटासारखा बोलतो. तुझ्या साक्षीदाराला मी विचारले.

भिंग घेतलं, पट्टी घेतली. दाराची कडी माणसाच्या कमरेपाशी असते, जगात कुठेही जा. तुझ्या माणसाच्या ती मांडीपाशी येते. खुर्चीची बैठक गुडघ्याला लागते. याच्या पिंढरीला लागते. कडीपासून खांद्यापर्यंत मोजलं, खांद्यावरचा कोबी काढून तिथे माणसाचं डोकं ठेवलं, आणि उत्तर आलं: सहा फूट आणि वर चार बोटं. मी साडेपाच फुटांचा आहे, आणि तेही स्फूर्ती आलेली असताना.

आता डिसेंबरातलं तुझं पत्र काढ. ‘इथला सुतार इतका उंच आहे की शिडी न घेता दिवा बदलतो, आणि स्वभावाने अगदी लोण्यासारखा.’ लोण्यासारखा! माझ्यासाठी तू आजवर खाण्यापिण्यातली एकच उपमा वापरली आहेस, आणि ती मिरचीची होती.

मी संशयी नवरा नाही. संशय अडाण्यांना येतो; मी पुराव्यावर बोलतोय. सुताराने सुतारकी करावी, रंधा मारावा, खिळे ठोकावेत, माझा त्याला सलाम आहे. पण माझा कोट घालून, माझं बोट उगारून त्याने बुटांपुढे भाषण करावं? ती नक्कल माझी आहे हे न कळायला माझ्या मानेवर काही कोबी नाही. म्हणजे तू त्याला शिकवलंस. म्हणजे तुम्ही दोघं त्या हॉलमध्ये बसून माझ्यावर हसलात. म्हणजे मी बोलतो कसा, उभा कसा राहतो, हे तू एका परक्या माणसाला करून दाखवलंस, आणि त्याने ‘असं का?’ म्हणून विचारलं, आणि तू त्याचा खांदा धरून खाली केलास. ‘असं.’

हे सगळं मला त्या चित्रात दिसतं.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, चित्र लांब धरलं, मग जवळ धरलं, आणि अशी हसायला लागली की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

‘काय झालं?’

‘अरे, हा तूच की रे! डावा खांदा बघ कसा पडलाय, त्या कॅमेऱ्याच्या पिशवीने. आणि ते बोट! “मी विचारतो” म्हणताना अगदी असंच नाचवतोस.’

‘मी कसा असेन? मी इथे आहे. कुणीतरी माझी नक्कल करतंय.’

‘मग ज्याने केली त्याने तुला पोटभर बघितलाय बाबा. मी जन्म दिला, पण इतका नाही बघितला.’

‘आई, हा माणूस सहा फुटांचा आहे.’

‘असेल. पट्टी तुझ्याकडे आहे.’ आणि कवळी धुवायला गेली. आतूनही हसण्याचा आवाज येत होता. ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा खोलीचं दार लावून घेते, हे तुला ठाऊक असावं. काय बोलता?

दुसरं सांगायचं म्हणजे, परवा छायाचित्रकार संघात माझं व्याख्यान झालं. विषय मीच दिला होता: ‘खेळणं आणि साक्ष’. हॉल भरला होता. मी म्हणालो, जग जळत असताना जे लोक घरात बसून भाज्यांना कपडे घालतात, त्यांना मी विचारतो, तुमच्या नातवंडांनी उद्या विचारलं की तेव्हा काय चाललं होतं, तर तुम्ही त्यांना काय दाखवणार? कोबी? टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या, समासातल्या नव्हेत.

नंतर एक मुलगी धावत आली. मला वाटलं, प्रश्न विचारणार.

‘सर, तुम्ही त्या कोबीवाल्या बाईंचे मिस्टर ना? त्यांची सही मिळवून द्याल?’

तिच्या मोबाइलमध्ये तुझी सगळी चित्रं होती. कुठून कुणी टाकली देव जाणे. बघता बघता तिच्याभोवती घोळका जमला. ‘ते बुटांचं दाखव, बुटांचं!’ ज्यांनी आत्ता मला टाळ्या दिल्या होत्या तेच, त्याच हातांनी, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून हसत होते. मी चहा न घेता निघालो. चष्मा राहिला म्हणून परत आलो, तर अजून तेच चाललं होतं. एक जण म्हणाला, ‘सर, घरात एवढी मोठी कलावंत म्हणजे तुमची मजाच.’

मजाच.

पुन्हा विचारतो, आत कोण आहे? याचं उत्तर आलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी नाही.

– मी


८ फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक.

मौन ही संमती, असं जुने लोक म्हणत. मी म्हणतो, मौन ही कबुली. राहा तिकडेच. दोन कशाला, वीस वर्षं राहा. कोटही ठेवून घे. त्याला शोभतो.


९ फेब्रुवारी

भिंगरी,

कालचं पत्र वाचू नकोस.

ते पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग पुढे जाईना आणि मागेही येईना. पाठीमागे एक बाई पाकीट घेऊन उभी होती. ‘काका, टाकायचंय की काढायचंय?’ तिने विचारलं. मी तिला म्हणालो की टाकलेला शब्द आणि सुटलेला बाण परत घेता येत नाही याचं मी प्रात्यक्षिक करतोय. ती म्हणाली, ‘बरं, पण जरा बाजूला होऊन करा.’ मनगटाला ओरखडा आलाय. हे पत्र कालच्याच्या आधी पोचावं म्हणून जादा तिकिटं लावली आहेत.

बोलायचं ते असं. एका मोठ्या मासिकाचा अंक आला. मुखपृष्ठावर तुझे बूट आहेत. आईने मुखपृष्ठ फाडून फ्रिजला चिकटवलंय. दूध काढायला गेलं की समोर तो कोबी बोट उगारून उभा. मी दूध घेणं सोडलंय. कोरा चहा प्यायला लागलोय. आई म्हणते, पित्त होईल. होऊ दे.

आतला लेखही वाचला. लिहिणारा म्हणतो, ‘घरातल्या माणसाकडे इतक्या खोडकर मायेने बघणारी नजर फार दिवसांनी दिसली.’ माया! आणि खाली तुझा छोटा फोटो, हातात करवत, केसांत भुसा, हसतेस. तो फोटो कुणी काढला? बरा काढलाय. उजेड डावीकडून यायला हवा होता.

इतकी वर्षं मी फोटो काढतोय. पूर, संप, आगी, निवडणुका. मुखपृष्ठ एकदा मिळालं होतं, तेही गोलाकार भोक पाडून, कारण त्या महिन्यात वाचकांना सोबत काहीतरी फुकट चिकटवून द्यायचं होतं. म्हणून मला काही वाटतं असं नाही. मला मुखपृष्ठांचं सोयरसुतक नाही. मला फक्त तो माणूस कोण ते हवंय. बाकी तू खुशाल मोठी हो.

महिना पुढे सरकतोय, तुला त्या लोकांना कळवायचंय, हे मी विसरलेलो नाही.

तुझा,
सभापती


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. इकडे एक सभा होती, जवळच आलो होतो, म्हटलं डोकावून जावं.

नाही. सभा नव्हती. बसमध्ये हे वाक्य पाठ केलं होतं. आता लिहून बघितलं तर ते कागदावरही उभं राहीना. कुणाला न सांगता आलो. तुला रंगेहाथ पकडायला आलो. वाटेत मी त्या सुतारासाठी भाषण तयार केलं होतं: सुरुवात शांत, मधे आग, आणि शेवटी अशी क्षमा की समोरच्याने जन्मभर मान वर करू नये.

त्यानेच दार उघडलं. भिंगरी, मी आयुष्यात पुढाऱ्यांना घाबरलो नाही, पोलिसांना घाबरलो नाही. पण त्या माणसाकडे बघायला मला मान इतकी मागे टाकावी लागली की भाषणाची सुरुवातच राहून गेली.

‘या की, सभापती ना?’ तो म्हणाला. भुवयांतसुद्धा भुसा.

‘तुम्ही मला कसं ओळखलं?’

‘खांद्यावरून. बाई नाहीत पण. छापखान्यात गेल्यात, मोठ्या प्रती काढायच्यात. दोन-तीन दिवसांनी येतील. आईंनी सांगितलं नाही का? परवाच त्यांचा फोन होता.’

आईने सांगितलं नाही. मी ‘दोन दिवस बाहेर चाललोय’ म्हणालो तेव्हा ती म्हणाली, ‘गरम काहीतरी घाल. कोट नाहीये ना तुझा.’ एवढंच.

त्याने मला बसवलं, बिस्किटं दिली. लोण्यासारखाच आहे मेला. मी म्हणालो, ‘मला ती खोली बघायचीय. दार असलेली.’

‘ती काय, समोर.’

हॉलच्या मधोमध तीन भिंतींची खोली. चित्रातली तीच खिडकी, तेच स्टूल, तेच दार. मी तावातावाने दारापाशी गेलो, कडीला हात घातला आणि हात हवेत फिरला. कडी खाली होती. माझ्या मांडीपाशी. माझ्या, साडेपाच फुटांच्या माणसाच्या मांडीपाशी! आत जायला मला वाकावं लागलं. जन्मात पहिल्यांदा मी कुठल्यातरी दारातून वाकून गेलो.

‘सगळं पाचात एक कमी केलंय,’ सुतार बाहेरून ओरडला. ‘दार, खिडकी, स्टूल. खुर्च्या बालवाडीच्या. बूट पोरांचे आहेत, बाईंनी गल्लीत फिरून मागून आणलेत. मोठ्या माणसांचे ठेवले तर गलबतं वाटतात.’

‘आणि माणूस?’ मी विचारलं. ‘आत उभा कोण राहतो?’

‘बाई. दुसरं मावणार कोण त्यात? पायाखाली रबरी फुगा असतो, तो दाबला की फोटो निघतो. पोखरलेला कोबी डोक्यावरून घसरू नये म्हणून मी बाहेर दोरा धरून उभा. जड असतो हो, मान दुखते त्यांची.’

मी तेवढ्यावर ऐकलं असतं तर मी मी कसला? खिळ्याला माझा कोट लटकत होता. मी तो काढला आणि म्हणालो, ‘हा घालून दाखवा.’ त्याला वाटलं मी गंमत करतोय. त्याने घातला. बाह्या कोपराखाली जेमतेम उतरल्या, बटणं एकमेकांना भेटायला तयार नाहीत, आणि पाठीची शिवण टर्रकन गेली. ‘अरेरे,’ तो म्हणाला, ‘बाई ओरडतील मला.’ उघड्या मनगटांनी हात पसरून तो उभा, बुजगावण्यासारखा, आणि चेहरा रडवेला.

चित्रातल्या माणसाच्या बाह्या हातमोज्यांवर आल्यात. मी कडी मोजली. बैठक मोजली. सावलीचा कोन मोजला. बाही मोजली नाही. सहा फुटी माणसाला माझा कोट बंडीसारखा झाला असता, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याला संपादक सावल्या वाचायला बोलावतो, त्या माणसाला स्वतःच्या कोटाच्या बाह्या दिसल्या नाहीत, आणि त्या बाह्यांत बुडालेली स्वतःची बायको दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि हा वळसा बसने, भाड्यासकट.

मग त्याने मला भिंत दाखवली. तुझ्या चाचणीच्या प्रती. कोबी नाही, किटली नाही, उघडं डोकं. माझा कोट घातलेली तू, चिडून बोलताना. तू, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधताना. तू, फोनवर कुणाला तरी ‘एक मिनिट, माझं पूर्ण होऊ द्या’ म्हणताना. चेहरा तुझा, आणि तरी मी. मला त्या भिंतीपुढे उभं राहवेना. कुणीतरी आपला हिशेब इतका बारीक ठेवलाय, आणि रागाने नाही, हे बघायची सवय नसते माणसाला.

आणि बुटांचं चित्र, माणसाएवढं मोठं. छोट्या प्रतीत मला कधी दिसलं नव्हतं: बूट पुढे झुकलेत. सगळे. टाचा उचललेल्या.

‘पाचरी आहेत खाली,’ सुतार म्हणाला. ‘एकेका टाचेखाली वेगळी तासून बसवली. बाई म्हणाल्या, ऐकणारे खुर्चीच्या टोकाला आलेले दिसले पाहिजेत. आमचे हे बोलतात तेव्हा लोक असेच बसतात.’

मी हसलो. मोठ्याने, एकटाच, त्या रिकाम्या हॉलमध्ये, पोटात दुखेपर्यंत. आणि हसता हसता मला तुझा असा राग आला, भिंगरी, की मी बिस्किटाचा डबा लोटून दिला. सुतार निमूटपणे बिस्किटं वेचत होता. मीही वाकून वेचली.

परतीची बस संध्याकाळी आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर घरून लिहितो. इथे बसून सुचत नाही. जिकडे बघावं तिकडे तू, आणि तीही माझ्या वेषात. कोट सोबत नेतोय, शिवण घालून परत पाठवीन.

– तुझा


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

तू आलीस, माझं पत्र वाचलंस, आणि आईला फोन केलास, हे मला दारातून कळलं. ‘हो का? पडलाच का शेवटी खड्ड्यात?’ एवढं ऐकू आलं. मग बराच वेळ हसणं. चालू द्या.

तू समजत असशील की आता मी शांत झालो. सुतार निघाला भला माणूस, बायको निघाली निष्ठावान, पडदा पडला, चहा घ्या नि घरी जा. मीही तसंच समजत होतो. बसमध्ये खिडकीशी बसून सुटकेचा श्वास घ्यायची तयारी केली. श्वास येईना. घरी आलो, फ्रिज उघडायला गेलो, आणि मुखपृष्ठ बघून हात तिथेच थांबला. सुतार त्यातून गेला होता. काटा होता तिथेच होता.

तेव्हा मी आता सरळ सांगतो. सभेत सांगणार नाही, तुला सांगतो.

तो माणूस खरा असता तर बरं झालं असतं. फसवल्या गेलेल्या नवऱ्याला जगात मान आहे. लोक त्याला खुर्ची देतात, हळू आवाजात बोलतात. मी महिनाभर मोठ्या थाटात त्या खुर्चीवर बसलो होतो. आता तीही गेली. आता मी कोण? बायकोचं चित्र आपल्या चित्रांपेक्षा सरस आहे म्हणून दूध न पिणारा माणूस. अशा माणसाला कुणी खुर्ची देत नाही. द्यायलाही नको.

माझं मत बदललेलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तू समासात काहीतरी लिहिशील. घरं पाडली जातात तेव्हा तिथे कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं राहिलंच पाहिजे, आणि या गावात तो मी असेन. उशीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो चांगला आहे. पाचव्या पानावर आला तरी चांगला आहे. पण त्या व्याख्यानात मी लबाडी केली. जग जळतंय म्हणून मला तुझा कोबी खुपतो, असं मी त्या भरल्या हॉलला सांगितलं. जग तू इथे होतीस तेव्हाही जळत होतं, आणि तू आपल्या मोरीत टोस्टरला पोहायला शिकवत होतीस, तेव्हा मला ते खुपलं नाही. तेव्हा ती चित्रं फक्त मी बघत होतो. आता सगळे बघतात. एवढाच फरक, आणि त्याच्यासाठी मी अख्ख्या जगाला आग लावली.

हे लिहून हलकं वाटेल असं ऐकून होतो. नाही वाटत. हेवा कबूल केल्याने जात नाही. तो नुसता आपल्या शेजारी येऊन बसतो, पाहुण्यासारखा, आणि जेवायचं काय विचारतो. आत्ताही बसलाय. तुझ्या मोठ्या प्रती कशा निघाल्या हे मला विचारायचंय, आणि त्या वाईट निघाल्यात असं ऐकायचंय.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी नीट तपासलं. ‘ये’ म्हणायला जीभ शिवशिवतेय. कारणं तयार आहेत: आईचं वय, बंद पडलेला गीझर, माझं एकट्याचं जेवण. एकेक कारण असं की कुठल्याही व्यासपीठावर टाळी घेईल. आणि तू आलीही असतीस, कारण तू आतापर्यंत माझ्या भाषणांना हसलीस, पण माझ्या गरजेला कधी हसली नाहीस. पण मी स्वतःला विचारलं, मी विचारतो म्हणतो तसं, बोट उगारून: ही आली तर या दोन खोल्यांत तिसरी खोटी खोली कुठे बांधेल? बांधणार नाही. चित्रं थांबतील. आणि मग मला काय वाटेल?

मला बरं वाटेल.

तू दिसशील, बोलशील, भांडशील म्हणून बरं वाटेल, ते निराळं. पण त्याच्याखाली आणखी एक बरं वाटणं आहे, ते मी ओळखलं. चित्रं थांबली म्हणून. ते बरं वाटणं मी घरात घेणार नाही. बाकी सगळं घेईन, हेवासुद्धा घेईन, त्याला जेवायला वाढीन. पण ते नाही.

तेव्हा, एका शब्दात. राहा.

अक्षर वाकडं आलंय कारण दात-ओठ खात लिहिलंय. दुसऱ्यांदा नीट लिहायला सांगू नकोस. दुसऱ्यांदा लिहायला गेलो तर ‘ये’ लिहिलं जाईल.

आई दारात उभी राहून विचारतेय, काय लिहिलंस.

‘राहा, असं लिहिलं.’

‘मनापासून?’

‘नाही.’

‘मग पळ, टाकून ये,’ ती म्हणते. ‘मन तयार व्हायची वाट बघत बसलास तर फेब्रुवारी संपेल.’